बारीक पिन, जाड पिन आणि सर्वपक्षीय पॅनेल

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखाली जुन्या चार्जरांचा एक खण आहे. दुकानदार ते फेकत नाही आणि गिऱ्हाईक ते मागत नाही. नोकियाची जाड पिन, नंतरची बारीक पिन, सोनी एरिक्सनची चपटी, सॅमसंगच्या दोन तऱ्हा. लग्नघरी मुक्काम असला की ‘बारीक पिन आहे का कुणाकडे?’ अशी हाक मांडवभर फिरायची, ते दिवस या खणात पडून आहेत. जून २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या दबावाखाली नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, ॲपल अशा कंपन्यांनी सगळ्यांना एकच मायक्रो यूएसबी चार्जर चालेल अशा करारावर सह्या केल्या. ॲपलने सही केली खरी, पण अडॅप्टरची पळवाट ठेवून. आयफोनला टाइप-सी लागायला सप्टेंबर २०२३ उजाडला, तोही युरोपने कायदा केल्यावर.

एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांनी मोबाइलच्या बाजारात हातमिळवणी करावी का, हा वाद दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघतो. सातारा-सांगलीच्या माणसाला त्यात नवल वाटू नये. इथे विधानसभेला एकमेकांची उणीदुणी काढणारे पुढारी सहकारातल्या निवडणुकीला सर्वपक्षीय पॅनेल करतात आणि गळीत हंगाम आला की पुन्हा एकमेकांचा ऊस पळवतात. पॅनेल होणार का, यावर चहाच्या टपरीवर कुणी वेळ घालवत नाही. अध्यक्ष कोण होणार, एवढंच विचारतात.

मोबाइलमधलं पहिलं मोठं पॅनेल १९९८ च्या जूनमध्ये झालं. खिशात मावणारे संगणक बनवणाऱ्या सायन या ब्रिटिश कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला एकत्र आल्या आणि फोनची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी सिम्बियन ही कंपनी जन्माला आली. तिघी हँडसेटच्या बाजारात कट्टर वैरी. एकत्र आल्या त्या मायक्रोसॉफ्टच्या धास्तीने. संगणक बनवणारे कारखाने नुसते खोके जोडत राहिले आणि मलई सॉफ्टवेअरवाल्याने खाल्ली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पॅनेल झालं तरी प्रत्येकाची चूल वेगळीच राहिली. नोकियाने पडद्यावरची मांडणी स्वतःची केली, सोनी एरिक्सन आणि मोटोरोलाने दुसरीच धरली. एकासाठी लिहिलेलं ॲप दुसऱ्यावर चालेना. २००४ मध्ये सायनने आपला हिस्सा विकला आणि २००८ मध्ये नोकियाने उरलेली सगळी सिम्बियन विकत घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष कोण, ते तेव्हा उघड झालं.

त्याच १९९८ सालची ब्लूटूथची आघाडी मात्र टिकली. एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल, तोशिबा. ती टिकण्याचं माझ्या मते कारण साधं आहे: फक्त स्वतःच्याच फोनशी बोलणारं ब्लूटूथ विकून कुणाला चार पैसे मिळाले नसते.

आणि मग ज्याच्या भीतीने सिम्बियन उभी राहिली, त्याच मायक्रोसॉफ्टच्या दारात नोकिया गेली. तारीख ११ फेब्रुवारी २०११. नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप जेमतेम पाच महिन्यांपूर्वी मायक्रोसॉफ्टमधूनच आले होते. समुद्रातल्या तेलविहिरीचा फलाट पेटलाय, जळून मरायचं की बर्फगार पाण्यात उडी टाकायची, असा दाखला त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दिला होता. उडी टाकली. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन हे सॉफ्टवेअर घातलेले नोकियाचे लुमिया फोन आले, रंगीत पाठीचे, हातात धरायला छान. ॲप बनवणारे मात्र आयफोन आणि अँड्रॉइडच्या मागे गेले होते, तिसऱ्यासाठी पुन्हा राबायला कुणी तयार नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा हँडसेटचा धंदाच ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवसुलीच्या वादामुळे या व्यवहारात गेलाच नाही. तो नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. लग्न फिनलंड-अमेरिकेचं, अक्षता पडल्या त्या तमिळनाडूतल्या कामगारांच्या डोक्यावर.

गूगलने जास्त हुशारीने पॅनेल बांधलं. नोव्हेंबर २००७ मध्ये चौतीस कंपन्या अँड्रॉइडच्या मांडवाखाली आणल्या, त्यात सॅमसंग, एलजी, मोटोरोला असे एकमेकांचे गळे धरणारे. सॉफ्टवेअर फुकट, पण गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर सोबत गूगलची बाकीची ॲपही घ्यायची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या अटींबद्दलच १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

गंमत म्हणजे अँड्रॉइडची तयारी चालू असताना गूगलचे प्रमुख एरिक श्मिट ॲपलच्या संचालक मंडळावर बसत होते. २००९ मध्ये ते बाहेर पडले. २०१२ मध्ये ॲपलने गूगलचे नकाशे काढून स्वतःचे घातले, ते इतके कच्चे निघाले की ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली. एवढं होऊनही ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगलचा शोध कायम राहावा म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ॲपल-सॅमसंगचंही तेच: २०११ पासून कोर्टात भांडण, आणि २०१७ च्या आयफोन टेनचा पडदा सॅमसंगचा.

आपल्याकडे २०२० मध्ये गूगलने जिओमध्ये ३३,७३७ कोटी गुंतवायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये एअरटेलशीही घरोबा केला. दोन्हीकडच्या पंगतीला पान मांडलेलं. मार्च २०२५ मध्ये तर एअरटेल आणि जिओ यांनी एका दिवसाच्या अंतराने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी करार जाहीर केले. उपग्रहाच्या लहरी स्टारलिंकला लिलावाशिवाय मिळू नयेत म्हणून जिओ आधी हटून बसली होती, आणि एअरटेलच्या मालकांचा पैसा स्टारलिंकच्या स्पर्धक वनवेबमध्ये आहे.

त्याहून जुनी सोयरीक टॉवरची. २००७ मध्ये भारती (म्हणजे एअरटेल), व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. अशा सामायिक टॉवरवर अँटेना प्रत्येकाची वेगळी, पण सांगाडा, बॅटऱ्या आणि जनरेटर एकच. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात दोन दिवस लाइट गेली आणि जनरेटरचं डिझेल संपलं की एकाच टॉवरवरच्या सगळ्या कंपन्यांची रेंज एकदमच जाते. तिकडचे आमचे एक पाहुणे चांगल्या रेंजसाठी दोन कंपन्यांची सिम बाळगून असतात. मागच्या आषाढात दोन्ही सिम एकाच मिनिटाला मेली, तेव्हा त्यांना कळलं की टॉवर एकच आहे.