गाण्यातल्या गावाने शोधून दिलेला गायक

जुने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी, म्हटलं की बहुतेकांना गायक रॉबर्ट जॉन्सन आणि त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची कला मिळवल्याची दंतकथाच आठवते, पण मला विचाराल तर मिसिसिपी जॉन हर्टची खरी गोष्ट त्याहून भारी आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेने ओके (Okeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं, ती रेकॉर्ड धडाक्यात खपली, आणि काळी माणसं आपली गाणी ऐकायला पैसे मोजतात हे कंपन्यांना कळलं, मग 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून काळ्या श्रोत्यांसाठीच्या रेकॉर्ड्सचा वेगळा धंदाच उभा राहिला आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गावोगाव गायकांचा शोध सुरू झाला. तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या (आणि जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः आपलाच देश!), एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची.

हर्ट मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन नावाच्या इवल्याशा वस्तीतला, शेतात राबणारा, गिटार आपली आपणच शिकलेला. विली नार्मर नावाच्या तिथल्याच गोऱ्या फिडलवाल्याने (व्हायोलिन वाजवणाऱ्याने) ओकेच्या माणसाला ह्याचं नाव सुचवलं आणि १९२८ मध्ये आधी मेम्फिसला, मग डिसेंबरात थेट न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग झालं. तिथे त्याने 'ॲव्हलॉन ब्लूज' गायलं. न्यूयॉर्क चांगलंय, पण माझं गाव ॲव्हलॉन, तेच सारखं मनात येतं, एवढंच त्यात आहे. रेकॉर्ड्स फारशा चालल्या नाहीत, वर्षभरात मंदी आली, आणि हर्ट परत शेतावर.

त्याचं वाजवणं नीट ऐका एकदा. अंगठा जाड तारांवर एकसारखा ठेका धरून असतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात, पहिल्यांदा ऐकताना दोघं वाजवतायत असंच वाटतं. आवाज कुठेच चढत नाही, संध्याकाळी ओट्यावर बसून गुणगुणावं तसा. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'मध्ये रेल्वेचा मजूर म्हणतो, हा हातोडा घे, कॅप्टनला नेऊन दे, सांग मी गेलो. तक्रारीचा सूर नाही, आरडाओरडा नाही, माणूस सरळ निघून जातो. मला तर ते दरवेळी आत लागतं.

हे गाणं आणि 'फ्रँकी' १९५२ मध्ये हॅरी स्मिथने केलेल्या जुन्या लोकगीतांच्या एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या) संचात आलं आणि नव्या पिढीच्या कानावर पडलं. गायक जिवंत आहे की नाही, कुणालाच पत्ता नव्हता. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने 'ॲव्हलॉन ब्लूज' ऐकलं, जुन्या नकाशात ते गाव हुडकलं आणि सरळ तिथे जाऊन थडकला. हर्ट तिथेच होता, सत्तरीच्या घरात आलेला, अजून राबतच होता.

त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या महोत्सवात, गायला, अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी (लायब्ररी ऑफ काँग्रेस) गाणी रेकॉर्ड झाली, नवे एलपी निघाले, पोरं त्याच्या बोटांकडे बघत वाजवायला शिकायला लागली. ३५ वर्षांनी मिळालेलं हे सगळं त्याला जेमतेम ३ वर्षं लाभलं, नोव्हेंबर १९६६ मध्ये तो मिसिसिपीतच गेला.