आळस हे उत्तर नव्हे

‘हल्लीची मुले आळशी झाली, मोबाइलने त्यांना सोफ्याला खिळवले’ हा समज घरोघरी पक्का बसला आहे. तपासून पाहिल्यास तो टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०१६ मध्ये ८१ टक्के विद्यार्थ्यांची रोज तासभरही पुरेशी हालचाल होत नव्हती. परंतु स्मार्टफोन हाती येण्यापूर्वी, २००१ मध्येही, हे प्रमाण मुलग्यांत ८० आणि मुलींत ८५ टक्के होतेच.

मग फावल्या वेळात बसून राहण्यामागे काय असते? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमेल या भरवशाची, कल्पना येथे उपयोगी पडते. ‘हे मला जमेल’ असा भरवसा नसलेला मुलगा आणि वयात येताना शरीराकडे रोखलेल्या नजरांनी संकोचलेली मुलगी मैदानावर हसे करून घेण्यापेक्षा खोलीत बसणे पत्करतात, आणि सराव सुटल्याने तो भरवसा आणखी खचत जातो. नैराश्य आणि बसून राहणे यांचा संबंध तर दुहेरी आहे, म्हणजे एक दुसऱ्याला वाढवते; मन खचल्याने न उठणाऱ्या मुलाला आळशी म्हटले, तर तो अधिकच मिटून जाण्याची शक्यता असते. शिवाय तासभर खेळणारे मूलही उरलेला दिवस बसून काढू शकते. म्हणून अपुरा व्यायाम आणि प्रमाणाबाहेर बसून राहणे या गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.