नेत्रशिबिर

मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या गरीब रुग्णांची गावात जाऊन विनामूल्य तपासणी करणे, शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांना निवडणे आणि ती धर्मादाय वा शासकीय खर्चाने पार पाडणे, या उपक्रमास नेत्रशिबिर म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत त्याची गरज माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत आणि पाटण, जावळीच्या डोंगरी भागात विशेष आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते व ते औषधाच्या थेंबांनी स्वच्छ होत नाही. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. काचबिंदूने (डोळ्याची नस निकामी करणाऱ्या रोगाने) गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूची बहुधा येते. शिबिरांचा भर मोतीबिंदूवर राहिला तो यामुळेच.

या शस्त्रक्रियेचा उगम वादग्रस्त आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथाच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागातील सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशावर (कफामुळे दृष्टी जाण्यावर, म्हणजे मोतीबिंदूवर) शलाकाकर्म, म्हणजे सळईने करायची शस्त्रक्रिया, सांगितले आहे. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत निरनिराळा धरला जातो आणि उत्तरतंत्र ही मागाहूनची भर असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. रुग्णाने नाकाच्या शेंड्याकडे पाहावे, वैद्याने शिरा टाळून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडील बाजूने यववक्त्रा (जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या) शलाकेने वेध घ्यावा, वेध नीट बसल्यास आवाज होऊन पाण्याचा थेंब येतो, मग डोळ्यावर स्त्रीदुग्धाचे सिंचन करून दृष्टिमंडलाचे (बाहुलीच्या भागाचे) लेखन, म्हणजे खरवडणे, करावे, असा क्रम तेथे आहे. यानंतर रुग्णाने दुसरी नाकपुडी दाबून कफ शिंकरून टाकावा, या वाक्याने वाद उपस्थित केला. गढूळ भिंगाचा अंश डोळ्याबाहेर काढला जात असे, असा अर्थ काही जण लावतात. इतरांच्या मते भिंग केवळ दृष्टिमार्गातून खाली ढकलले जात असे. यवाच्या टोकाएवढ्या छिद्रातून पिकलेले भिंग बाहेर येणे कठीण असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भिंग ढकलण्याची ही रीत फिरत्या वैद्यांच्या हाती विसाव्या शतकापर्यंत टिकली होती व तिच्यामुळे पुष्कळ डोळे कायमचे गेले, हे मद्रासमधील नेत्रतज्ज्ञ आर. एच. एलियट यांनी १९१७ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून दिसते. भिंग काढून टाकण्याची आधुनिक पद्धत सामान्यतः फ्रेंच शल्यचिकित्सक झाक दाव्हिएल यांच्यापासून (१७४७) मोजतात.

या परिसरात आधुनिक नेत्रशस्त्रक्रियेची परंपरा मिरजेपासून सुरू झाली, असे मानणे योग्य ठरेल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उघडले. डॉक्टरने गावाकडे जाण्याची कल्पना पंजाबात मोगा येथील डॉ. मथुरादास पाहवा यांनी रुजवली, तर कर्नाटकात १९४० च्या दशकापासून डॉ. एम. सी. मोदी यांनी ती मोठ्या प्रमाणावर राबवली. मोदींचे जन्मगाव बिळगी हे जुन्या विजापूर जिल्ह्यातले आणि जत तालुका त्याच जिल्ह्याला लागून आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पातील सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

जुन्या शिबिरात शाळेचे वर्ग किंवा धर्मशाळा हेच शस्त्रक्रियागृह होई. भिंग संपूर्ण काढले जाई व रुग्णाला सुमारे +१० क्रमांकाचा जाड चष्मा मिळे. त्यातून वस्तू पाव ते तृतीयांश पट मोठी दिसे, कडेचे नीट दिसत नसे आणि चष्मा फुटला की तो मनुष्य पुन्हा आंधळ्यासारखाच होई. कृत्रिम भिंग हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये प्रथम बसवले असले, तरी ते गरिबाच्या आवाक्यात येण्यास १९९२ नंतर मदुराईत सुरू झालेल्या स्वस्त उत्पादनाचा मोठा हातभार लागला. भिंग बसवायचे तर निर्जंतुकीकरण काटेकोर हवे; जंतुसंसर्गाने एकाच दिवशी अनेकांचे डोळे जाण्याचा धोका उघड्या शिबिरात फार मोठा असे. म्हणून आता गावात केवळ तपासणी होते आणि निवडलेल्यांना वाहनाने रुग्णालयात नेऊन बहुधा बिनटाक्याची शस्त्रक्रिया करतात. हा बदल निःसंशय हिताचा ठरला.

तरीही शिबिराची तारीख ठरवणे हे शस्त्रक्रियेइतकेच कौशल्याचे काम आहे. हिवाळ्यात जखम लवकर भरते, या समजुतीने शिबिरे पूर्वी थंडीत भरत. नेमक्या त्याच दिवसांत जत भागातील कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात आणि माण, फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. घरी राहिलेल्या वृद्धांना, त्यातही स्त्रियांना, रुग्णालयात नेणारे कोणी उरत नाही. अशा वेळी आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन यादी करणे व नेण्या-आणण्याची सोय करणे निर्णायक ठरते. शाळेतील मुलांची दृष्टितपासणी आणि नेत्रदानाचा प्रचार (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) यांनाही शिबिरांची जोड मिळते.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात, आठवड्याने डोळा तपासतात आणि चार ते सहा आठवड्यांनी जवळच्या कामासाठी चष्म्याचा क्रमांक देतात. ही शेवटची तपासणी चुकली, तर दृष्टी परत आलेल्या बाईलाही धान्य निवडताना खडा दिसत नाही. म्हणून ही तपासणी रुग्णाच्याच गावात घेण्याची पद्धत रूढ होणे आवश्यक आहे.