रेटिनॉल, सोललेला चेहरा आणि 'नाही' म्हणणारा सेक्रेटरी

"युरोपात रेटिनॉलवर बंदी, आपल्याकडे मात्र सर्रास विकतायत!!" हा फॉरवर्ड सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, मावस-चुलत भावंडांच्या, आणि त्याखाली कुणाच्या तरी वहिनीचा हमखास प्रश्न, "मग मी लावते ते बंद करू का गं?" रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवरच्या, डागांवरच्या क्रीममध्ये असतं ते. तर आधी त्या बंदीचं बघू. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये नियम केला की चेहऱ्याच्या क्रीममध्ये रेटिनॉल जास्तीत जास्त ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के असावं, नव्याने बाजारात येणाऱ्या प्रॉडक्टना हे नोव्हेंबर २०२५ पासून लागू. म्हणजे मर्यादा घातलीय, बंदी कुठेच नाही. आणि कारणही चेहरा खराब होतो हे नाहीये. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वच, ते लिव्हर, अंडी, दुधातून पोटात जातं, वरून मल्टिव्हिटॅमिनची गोळी, त्यात अंगभर लोशन, असं सगळं मिळून काही लोकांचा एकूण हिशोब मर्यादेबाहेर जाईल म्हणून लोशनवाल्यांना आवर घातला, एवढंच.

पण माझा खरा वैताग फॉरवर्डवर नाहीच. घाबरणारे आणि प्रेमाने लावणारे, दोघांचाही समज एकच असतो की हे "साल काढतं". म्हणजे केमिकल आहे, वरचा थर खरवडतं, खालची नवी कातडी उघडी पडते, म्हणून ग्लो येतो, म्हणूनच ती उन्हात भाजते, आणि म्हणून वर्षानुवर्षं लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते. ऐकायला किती व्यवस्थित वाटतं ना? फक्त पहिलंच पाऊल चुकलंय.

आधी घराणं थोडक्यात, या सगळ्यांना मिळून रेटिनॉइड म्हणतात. रेटिनिल पाल्मिटेट, रेटिनॉल, रेटिनाल्डिहाइड हे कॉस्मेटिकमध्ये चालतात. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, टॅझारोटीन ही औषधं, आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी (निदान कागदोपत्री तरी). आयसोट्रेटिनॉइन जास्त करून गोळीच्या रूपात, तो वेगळाच विषय. अ जीवनसत्त्वाचं जे रूप कातडीच्या पेशीला थेट कळतं ते रेटिनोइक ॲसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन. रेटिनॉल लावलं तर पेशीतली एन्झाइम्स त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड करतात आणि मग त्याचं रेटिनोइक ॲसिड. पहिली पायरी उलटी फिरू शकते, दुसरी फिरत नाही, आणि बरंचसं रेटिनॉल तर तिथपर्यंत पोचतच नाही, पेशी ते साठवून ठेवते. त्यामुळे "माझं १ टक्क्याचं आहे, तुझं ०.०२५ चं" ही तुलना रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइनमध्ये करायचीच नसते. ते ०.०२५ वालं ट्रेटिनॉइन जास्त जहाल आहे, आकडा छोटा असला तरी.

अ जीवनसत्त्वाचा आणि कातडीचा संबंध काही इन्स्टाग्रामने लावलेला नाही. १९२५ मध्येच वोलबाख आणि हॉव यांनी दाखवलं होतं की आहारात अ जीवनसत्त्व नसलेल्या उंदरांची आतली नाजूक अस्तरं कोरडी, खरखरीत, कातडीसारखी व्हायला लागतात. आपल्याकडे नऊ महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंत जो अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात तो लोकांना फक्त रातांधळेपणासाठी वाटतो, पण श्वासनलिकेचं, आतड्याचं अस्तर शाबूत राहायलाही तेच लागतं. मुरुमांवर रेटिनोइक ॲसिड वरून लावायचं काम अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं, १९७१ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली, मग मुरुमांसाठी लावणाऱ्या जरा वयस्कर बायका सांगायला लागल्या की सुरकुत्या पण कमी वाटतायत, आणि १९८६ मध्ये त्यावरही पेपर आला. (हाच क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वीसेक वर्षं कातडीचे प्रयोग करत होता. त्या शहराने त्याबद्दल माफी मागितली ती २०२२ मध्ये. 'शास्त्रज्ञांनी शोधलंय' म्हणताना हेही माहीत असू द्या.)

आता येतो माझ्या आवडीचा भाग, जरा दम धरा.

रेटिनोइक ॲसिड हा तेलात विरघळणारा छोटासा रेणू. नाव ॲसिड असलं तरी तो ग्लायकोलिक ॲसिडसारखा वरच्या पेशींमधला चिकटपणा विरघळवत बसत नाही, तो सरळ पेशीच्या आत शिरतो, तिथे एक वाहक प्रथिन त्याला धरून केंद्रकापर्यंत नेतं. केंद्रकात डीएनएवर ठराविक जागी दोन प्रथिनांची जोडी बसलेली असते, आरएआर आणि आरएक्सआर. यातलं आरएआर १९८७ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी, वेगवेगळं शोधून काढलं, फ्रान्सात पिएर शाँबाँ यांच्या आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हान्स यांच्या. गंमत अशी की ही जोडी रेटिनोइक ॲसिड यायच्या आधीपासूनच तिथे ठाण मांडून असते, आणि तिने एक को-रिप्रेसर नावाचं प्रथिन धरून ठेवलेलं असतं. सोसायटीच्या ऑफिसात बसलेला, कुठलाही अर्ज आला की वाचायच्या आधीच 'नाही' म्हणणारा सेक्रेटरी असतो ना, अगदी तो. हा को-रिप्रेसर करतो काय, तर डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन्सवरचे ॲसिटिल गट काढून टाकायला लावतो. ॲसिटिल गेले की गुंडाळी घट्ट होते आणि तिथलं जनुक वाचताच येत नाही.

मग रेटिनोइक ॲसिड येतं आणि आरएआरच्या पोटातल्या खोबणीत बसतं. ते बसलं की आरएआरच्या टोकाचा एक तुकडा, त्याला बारा नंबरचा हेलिक्स म्हणतात, वळून खोबणीच्या तोंडावर येतो. एवढ्याशा आकारबदलाने को-रिप्रेसरची पकड सुटते, त्याच्या जागी को-ॲक्टिव्हेटर येतो, तो हिस्टोन्सवर ॲसिटिल गट परत चढवतो, गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचलं जायला लागतं. सेक्रेटरी बदलला, एनओसी मिळाली! बाहेरून चोळलेल्या मटारच्या दाण्याएवढ्या क्रीमने आत कुठली जनुकं वाचायची ते बदलतं, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.

इथे दमला असाल तर पुढचा परिच्छेद सोडलात तरी चालेल, मला मात्र तो सोडवत नाही. ऊन लागलं की त्यातल्या यूव्ही (अतिनील) किरणांमुळे पेशीत एपी-१ नावाची प्रथिनजोडी जागी होते, ती कोलॅजिनेज वगैरे एन्झाइम्सची जनुकं चालू करते, आणि ती एन्झाइम्स कातडीला घट्टपणा देणारं कोलॅजन कापायला लागतात. भाजेपर्यंत ऊन लागायची गरज नाही, रोजचं थोडंथोडं पुरतं. रेटिनोइक ॲसिड अडकलेलं आरएआर नुसती जनुकं चालू करत नाही तर या एपी-१ ला दाबतंही. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने १९९६ मध्ये माणसांच्या कातडीवर दाखवलं की आधी ट्रेटिनॉइन लावलेलं असलं तर यूव्हीनंतर ही एन्झाइम्स कमी वाढतात. त्याच विद्यापीठाच्या १९९३ च्या अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या कातडीवर १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर नवीन कोलॅजन तयार होणं ८० टक्क्यांनी वाढलं होतं, आणि ज्यांना औषध न घातलेलं नुसतं क्रीम दिलं होतं त्यांच्यात १४ टक्क्यांनी घटलं होतं. दहा ते बारा महिने, बरं का! जनुक वाचायचं, प्रथिन बनवायचं, कोलॅजनचे धागे विणायचे, याला वेळ लागणारच. मुरुमांनाही दोन-तीन महिने द्यावे लागतात. "सात दिवसांत फरक" म्हणणारी रील दिसली तर ती मॉइश्चरायझरची किंवा रिंग लाइटची कमाल समजा.

मग साल निघतं त्याचं काय? निघतं, खरंय. पेशी भराभर बनायला लागतात, त्यांची एकमेकींना धरून ठेवायची पकड ढिली होते, सुरुवातीला कातडीतून पाणी जास्त उडतं, म्हणून कोरडेपणा, लाली, पापुद्रे. मुरुमांच्या बाबतीत हे ढिलं होणं कामाचंही असतं, बंद छिद्रात चिकटून बसलेल्या पेशी सुटतात, आणि त्यामुळेच आत दडलेले मुरूम सुरुवातीला एकदम वर आल्यासारखे वाटतात. पण सुरकुत्यांचा, डागांचा फायदा सालं निघण्यातून येत नाही. १९९५ मध्ये ०.१ आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनची ४८ आठवडे तुलना केली तेव्हा उन्हाने खराब झालेल्या कातडीत सुधारणा जवळपास सारखीच, जळजळ मात्र जास्त डोसवाल्यांना कितीतरी जास्त. "जळतंय म्हणजे काम करतंय" हे तिथेच संपलं. पातळ होण्याचं म्हणाल तर सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर थोडा आटोपशीर होतो, त्याच्या खालचा जिवंत थर उलट जाड होतो.

आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला ही जळजळ गोऱ्यांपेक्षा महाग पडते. त्यांची लाली येते आणि जाते, आपल्याकडे ती जाताना काळा डाग ठेवून जाते आणि तो महिनोन्‌महिने हलत नाही. डाग घालवायला लावलेल्या क्रीमने नवे डाग, हे दादर-ठाण्याच्या कुठल्याही स्किनवाल्याला विचारा, रोज बघत असतील. म्हणून सुरुवात एक-दोन रात्रींआड, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं, डोळ्यांच्या आणि नाकपुड्यांच्या कडा सोडून, आणि हवं तर आधी मॉइश्चरायझर. मुंबईत एवढा घाम, मॉइश्चरायझर कशाला, असं म्हणणारे दिवसाचे नऊ तास एसीत बसलेले असतात.

रात्रीच का, तर ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं. कातडी उन्हाला 'ॲलर्जिक' होते असं काही नाही, पण सुरुवातीचे आठवडे ती लवकर भाजते हे खरं, म्हणून सकाळी सनस्क्रीन. जुलैतल्या ढगांवर विसंबू नका, आणि बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये खिडकीशी बसलात तरी यूव्हीए काचेतून येतंच, काच अडवते ती मुख्यतः यूव्हीबी. मुरुमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत लावू नये हा सल्लाही ट्रेटिनॉइनपुरता बरोबर, दोन्ही एकत्र आली आणि वर उजेड पडला की ट्रेटिनॉइनची वाट लागते. ॲडापलीनला मात्र काही होत नाही, दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात.

'नॅचरल रेटिनॉल'वाल्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गाजराचा लेप लावून चेहऱ्याला मिळतो तो रंग, गाजराचं बीटा कॅरोटीन खाऊन आतड्यात जाऊ दे, तिथे त्याचं रेटिनॉल होतं. बाकुचिऑलची गोष्ट जरा वेगळी. ते आपल्या बावची नावाच्या वनस्पतीतून येतं, आणि १९६६ मध्ये त्याची ओळख पटवली ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुख देव यांनी, हे कुठल्याही परदेशी सीरमच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं! त्याचा रेणू रेटिनॉलसारखा दिसतही नाही. ४४ जणांवर १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, त्यात ते रेटिनॉलच्या तोडीचं निघालं आणि त्रास कमी. ठीक, ४४ जण म्हणजे फार नाहीत, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. धोका आहे तो 'मग घरच्या घरी बावचीची पावडर दह्यात कालवून लावा' या पुढच्या फॉरवर्डमध्ये. बावचीत सोरालेनही असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, कोडावर बावची आणि ऊन एकत्र वापरतात ते त्याच्याच जोरावर. शुद्ध केलेलं बाकुचिऑल वेगळं आणि कुटलेली बावची वेगळी. 'झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही' म्हणणाऱ्या काकूंना हे समजावून बघा, मी बघितलंय, उपयोग झाला नाही.

गरोदरपणात किंवा दिवस राहायचा विचार असेल तर रेटिनॉइड नकोच. गोळीने गर्भात व्यंग होतं हे नक्की आहे. वरून लावलेलं रक्तात फार कमी जातं, पण तरी कुठलाही शहाणा डॉक्टर थांबा म्हणूनच सांगेल.

शेवटचा समज सगळ्यात महागात पडणारा. केमिस्टच्या काउंटरवर "डागाची क्रीम द्या" म्हटलं की जी ट्यूब पुढे येते तिला लोक सर्रास रेटिनॉइड समजतात, कारण तिच्यावर ट्रेटिनॉइन लिहिलेलं असतंच. पण शेजारी डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन असतं आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइडही. या तीन औषधांच्या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ ची, तीही क्लिगमनचीच, आणि ती थोड्या काळासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली लावायची. इथे ती गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावली जाते, मैत्रिणीने सांगितलं, पार्लरवालीने सांगितलं, म्हणून. सुरुवातीला चेहरा फारच सुंदर दिसतो, कारण स्टिरॉइड सगळी जळजळ दाबून टाकतं, आणि मग कातडी खरोखर पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक लव येते, पुळ्या उठतात. रेटिनॉइडच्या नावावर खपणारी पातळ कातडी बऱ्याचदा ही असते. २०१८ मध्ये सरकारने कातडीला लावायची स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, काउंटरवर काय चालतं ते तुम्हीच बघा. ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलवर फोटो काढून मोठी करून वाचा, मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. आणि खूप दिवस लावत असाल तर घाबरून एका रात्रीत बंदही करू नका, चेहरा भडकून उठतो आणि माणूस परत त्याच ट्यूबकडे वळतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि जाताना ती ट्यूब खोक्यासकट घेऊन जा.