सिंहगड ते निपाणी: खऱ्या घटनांवरचे चित्रपट आणि आपला सीमाभाग

सत्यघटनेवरचा आवडता चित्रपट कोणता, असं बेळगावात चार जणांना विचारा. उत्तरं दोन भाषांतून येतील. येळ्ळूर-अनगोळकडचा पोरगा 'पावनखिंड' नाहीतर 'छावा' म्हणेल, घरातल्या काकू 'आनंदी गोपाळ'चं नाव घेतील, आणि त्याच घरातला कॉलेजला जाणारा 'संगोळ्ळी रायण्णा' कन्नडमधूनच पाहिला आणि आवडला, असं बिनदिक्कत सांगेल. याद्या अशाच असतात. पण आपण ज्यांना 'सत्यघटनेवरचे' म्हणतो, त्यातले बहुतेक चित्रपट घटनेवरून थेट आलेलेच नसतात. मध्ये कादंबरी असते, नाटक असतं, पोवाडा असतो, कधी बखर. 'छावा' शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून आला. आनंदीबाई जोशींची गोष्ट घराघरात पोचवली ती श्री. ज. जोशींच्या कादंबरीने, आणि पडद्यावर ती आली 2019 साली. ही सवय आपल्या चित्रपटाला फार जुनी आहे आणि तिचं मूळ इथून शंभरेक किलोमीटरवर, कोल्हापुरात आहे.

1923 साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सिंहगड' काढला. मूकपट होता. घटना 1670 ची, तानाजी मालुसऱ्यांची. पण पडद्यावर जे आलं ते हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीतून. रात्रीच्या लढाईसाठी पेंटरांनी कृत्रिम दिवे वापरले, त्या काळी हे नवल होतं. मुंबईत या चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. कर खरोखरच त्याच साली मुंबई इलाख्यात लागू झाला, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. म्हणजे तानाजीपायी बसलेला कर आपणही भरला म्हणायचा.

सरकारला गर्दीचा पैसा हवा होता, गोष्ट मात्र खुपत होती. 1930 साली प्रभातने शिवाजी महाराजांवर मूकपट केला, महाराजांच्या भूमिकेत खुद्द व्ही. शांताराम. नाव ठेवलं होतं 'स्वराज्याचं तोरण'. मिठाच्या सत्याग्रहाचं ते वर्ष. सेन्सॉरला 'स्वराज्य' पचलं नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने लागला. पाच वर्षांनी संत एकनाथांवरच्या चित्रपटाचं नाव 'महात्मा' ठेवलं, तर तेही अडलं, कारण महात्मा म्हटलं की लोकांना पैठणचे एकनाथ आठवणार नव्हते. तो 'धर्मात्मा' झाला. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताना आजचं काहीतरी सांगायचं, हा प्रेक्षकाला आणि सरकारला दोघांनाही कळणारा डाव तेव्हापासूनचा आहे. आजच्या शिवकालीन चित्रपटांत घोषणा जास्त आणि माणूस कमी झालाय, असं मला वाटतं, पण डाव तोच.

खरं आणि रचलेलं यांची सरमिसळ किती सफाईने होते याचा नमुना 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये आहे. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. 1937 साली व्हेनिसला या चित्रपटाची वाखाणणी झाली. त्यातलं 'आधी बीज एकले' ऐकून भले भले जाणकार गाथेत तो अभंग शोधत बसले. तो गाथेत नाहीच. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं ते गीत आहे. आपल्याकडच्या भजनी मंडळांतही ते तुकोबांचंच म्हणून गायलं जातं आणि कुणाचं काही अडत नाही.

त्या 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका कुणी केली होती? बालगंधर्वांनी. पुढे त्यांच्यावरच 2011 साली चित्रपट निघाला आणि सुबोध भावे बालगंधर्व झाले. गाण्यासाठी आनंद भाटे आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. या गोष्टीचा धागा आपल्या जिल्ह्यात येतो. बालगंधर्व ज्या किर्लोस्कर नाटक मंडळीत घडले, तिचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले. 'संगीत शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगमंचावर आलं, हे आपण पुण्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. लोकमान्यांचंही तसंच. 2015 च्या 'लोकमान्य' चित्रपटामुळे नव्या पिढीला टिळक पुन्हा दिसले, पण टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावात, हे टिळकवाडीत राहणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. चित्रपटाच्या बाबतीत याचा परिणाम तिकिटाच्या खिडकीवर दिसला. करमणूक कर हा तेव्हा राज्याचा विषय. एखाद्या चरित्रपटाला महाराष्ट्र सरकारने करमाफी दिली, पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रात 'करमुक्त' अशी जाहिरात झळकली, तरी ती सवलत सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंतच. इकडे कर्नाटकाची सवलत कन्नड चित्रपटांना. त्यामुळे शिवरायांचा चित्रपट बेळगावात पूर्ण दराने आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा सवलतीत, असा हिशोब. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हा जुना कर त्यात विरून गेला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, तो तसाच आहे.

जाता जाता आचार्य अत्र्यांचा उल्लेख हवा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे अत्रे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. पण पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा 'श्यामची आई' त्यांचाच, 1953 चा, आणि पाठोपाठ 'महात्मा फुले'ही त्यांचाच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवरचा चित्रपट म्हणजे मराठीतला अस्सल सत्यकथापट, असं मी मानतो. त्यात लढाई नाही, तोफ नाही.

आता कित्तूर. राणी चन्नम्मांचं माहेर काकती, बेळगावातून हमरस्त्याला लागलं की लगेच येतं ते. कित्तूरचे शेवटचे देसाई 1824 साली वारले, दत्तक घेतला गेला आणि कंपनी सरकारने तो नाकारला. डलहौसीच्या संस्थानं खालसा करण्याच्या धोरणाच्या आधीची ही गोष्ट आहे. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे फौज घेऊन आला आणि लढाईत मारला गेला. इंग्रज कादंबरीकार थॅकरेचा हा चुलता. डिसेंबरात इंग्रज मोठ्या तयारीने परतले, किल्ला पडला, राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं. 1829 साली तिथेच त्यांचं निधन झालं. बी. आर. पंतुलूंनी 1961 साली यावर कन्नड चित्रपट केला, बी. सरोजादेवी चन्नम्मा झाल्या. या भागातल्या जुन्या मराठी माणसांना विचाराल तर अनेकांनी तो पाहिलेला असतो. भाषा अडत नव्हती. इथल्या बाजारात भाव दोन्ही भाषांत ठरतो, मग राणीचं भांडण समजायला काय हरकत?

राणींनंतर लढला तो संगोळ्ळी रायण्णा. त्याने जाळपोळ करून, खजिने लुटून कंपनीला हैराण केलं, शेवटी फितुरीने पकडला गेला आणि जानेवारी 1831 मध्ये त्याला फाशी दिलं ते नंदगडला. नंदगड म्हणजे खानापूर तालुका, मराठी वस्तीचं गाव. त्याच्या समाधीवरच्या वडाला आजही लोक नवस बोलतात आणि त्यात मराठी बायकाही असतात. रायण्णाची गोष्ट कागदांपेक्षा गीगी पदं, म्हणजे कन्नड पोवाडे, गाणाऱ्यांनी जास्त जपली, जशी तानाजीची शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने जपली. 2012 साली नागण्णा यांचा भव्य चित्रपट आला, दर्शन रायण्णा आणि जयाप्रदा चन्नम्मा. खरं सांगायचं तर पडद्यावर आधी दर्शन दिसतो, मग रायण्णा. पण हे आपल्या हिरोंबद्दलही म्हणता येईल. चित्रपट लागला 1 नोव्हेंबरला. कन्नड राज्योत्सवाचा तो दिवस, आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. एकाच दिवशी एका रस्त्यावर मूक फेरी आणि दुसऱ्यावर चित्रपटाचे ढोल. पुढे 2020 मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत रायण्णाच्या पुतळ्यावरून तंटा झाला, तेव्हा तोडगा निघाला तो असा, की पुतळा रायण्णाचा आणि चौकाला नाव शिवाजी महाराजांचं. शहाणपणाचा तोडगा म्हणायचा.

उत्तरेला नेसरी आहे, गडहिंग्लज तालुक्यात, बेळगावकरांना रविवारी जाऊन येण्याजोगी. 24 फेब्रुवारी 1674 ला सरनोबत प्रतापराव गुजर इथे विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. कुसुमाग्रजांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात'ने ही घटना मराठी मनात कायमची बसवली आणि 2022 मध्ये त्याच ओळीवरून नाव घेऊन चित्रपटाची घोषणाही झाली. इतक्या काव्यमय आकड्याबद्दल शंका यावी. पण मुंबईकर इंग्रजांच्या नोकरीतल्या नारायण शेणव्याने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात प्रतापराव दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांसह पडले, असं आहे. सहा आणि एक सात. इथे कवितेचा आकडा कागदाशी जुळतो. बाकी सहा जणांची नावं मात्र नंतरची आहेत. पटकथेत ती येतीलच, आणि प्रत्येकाला एकेक संवादही मिळेल.

युद्धाबाहेरची खरी गोष्ट सीमाभागातून पडद्यावर गेली ती 'जोगवा'तून. 2009 चा राजीव पाटलांचा चित्रपट. आधार राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा, आणि चारुता सागरांच्या 'दर्शन' कथेचा. पुन्हा कादंबरीच, पण इथला कादंबरीकार गडहिंग्लजकडचा, देवदासींच्या चळवळीत वावरलेला. चित्रपटातली माणसं एका कुठल्या घरातली नव्हेत. पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या कुणालाही ती अनोळखी वाटत नाहीत. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिथे देवीला सोडलेल्या जोगतिणींच्या बांगड्या फोडल्या जायच्या. डोक्यावर जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची पाटी, हातात परडी, 'उदं गं आई उदं'चा गजर आणि चौंडकं या तंतुवाद्याचा तो गळ्यातून निघाल्यासारखा आवाज. देवाला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा बराच नंतर आला. 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरव मिळाला, उपेंद्र लिमये सर्वोत्तम अभिनेता ठरले. गाणी गाजली. पण त्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांना यल्लम्माच्या जोगत्यांचं काय होतं हे कितपत ठाऊक असतं, कुणास ठाऊक.

आणि एक चित्रपट असा आहे, ज्याला मध्ये कादंबरी लागलीच नाही. तो आपल्याकडे कुणाच्याच यादीत नसतो. 'तंबाकू चाकीला ऊब आली', 1982, भाषा मराठी, लांबी 25 मिनिटं, स्थळ निपाणी. तो केला बेंगळुरूच्या 'युगांतर' या गटाने: दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणाला नवरोज कॉन्ट्रॅक्टर. आधी त्यांनी पुण्यातल्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला होता. निपाणीत ते तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांबरोबर राहिले, त्यांचं बोलणं ऐकलं, आणि त्यांच्याच तोंडून, त्यांनाच पुन्हा करून दाखवायला लावत गोष्ट उभी केली.

निपाणीचा जर्दा म्हणजे विडीचा जीव. तो चाळायचा, कुटायचा, पोती भरायची, आणि दिवसभर खकाणा नाकातोंडात. पदर तोंडाला गुंडाळलेला असला तरी खोकला सुटायचा नाही. मजुरी तुटपुंजी, कामाला वेळेचा हिशोब नाही, बोलली तर दुसऱ्या दिवशी दारातून परत. या बायकांनी संघटना बांधली आणि संप केला. त्यात कितीतरी जणी देवाला सोडलेल्या होत्या. 'जोगवा'तली आणि वखारीतली बाई अनेकदा एकच असायची. चित्रपटात हिरॉइन नाही, खलनायकाचं हसणं नाही. बायका गोल करून बसतात, एकमेकींचं वाक्य पुरं करतात, मध्येच एखादी दुसरीला दुरुस्त करते. सत्यघटनेवरचा चित्रपट यापेक्षा सत्याच्या जवळ कसा जाणार, मला तरी कळत नाही.

त्याच सुमारास निपाणी आणखी एका कारणाने देशभर गाजली. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखून धरला. मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी त्या रस्त्यावर शेजारी शेजारी बसले होते. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. त्यावरचा कथापट माझ्या पाहण्यात नाही.

'युगांतर'चे चित्रपट थिएटरला कधी लागले नाहीत; ते संघटनांच्या बैठकांत आणि बायकांच्या मेळाव्यांत दाखवले गेले. पुढे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत त्यांच्या जतनाचं काम झालं आणि परदेशातल्या महोत्सवांतून ते पुन्हा फिरले. निपाणीच्या बायकांचं बोलणं जर्मनीतल्या प्रेक्षकांनी ऐकलं. तेव्हा वखारीत विशीत असलेल्या मुली आज साठीच्या पुढे गेल्यात. पुढचा सत्यघटनेवरचा चित्रपट कुणाला करायचा असेल, तर निपाणीत विचारायला माणसं अजून आहेत.