किरकोळ दुकानांतील ग्राहक-मागोवा

दुकानात आलेला माणूस कोणत्या दाराने शिरला, कोणत्या रॅकपाशी किती वेळ थांबला, काय विकत घेतले आणि तोच माणूस पुन्हा कधी आला, याची यंत्रांच्या मदतीने नोंद ठेवण्याची पद्धत. त्यासाठी दारावरचे गणक, कॅमेरे, वाय-फाय, ब्लूटूथ, मालावरच्या चिपा आणि बिलाच्या वेळी घेतलेला मोबाइल नंबर वापरतात. चोरी रोखणे, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणे, मांडणी सुधारणे आणि जाहिरातीचा परिणाम मोजणे ही कारणे दुकानदार सांगतात, आणि ती खरी आहेत.

कोणतेही साधन पाहताना एक प्रश्न आधी विचारावा : हे यंत्र माणसे मोजते की माणूस ओळखते? सकाळी अकरा ते बारामध्ये ४० जण आत आले, एवढेच कळले तर ती मोजणी. आज आलेला आणि मागच्या मंगळवारी आलेला माणूस एकच, हे कळले की मागोवा सुरू झाला. मधला फरक एखाद्या टिकाऊ खुणेने पडतो. ती खूण मोबाइल नंबर असेल, फोनचा पत्ता असेल, सवलत कार्ड असेल किंवा चेहरा. या विषयातले बहुतेक वाद त्या खुणेवरूनच झाले आहेत.

मोजणी

यंत्रांच्या आधी हे काम माणसे करीत. न्यूयॉर्कच्या पाको अंडरहिल यांच्या एन्व्हायरोसेल या संस्थेचे निरीक्षक हातात दुकानाचा नकाशा घेऊन ग्राहकामागे अंतर राखून फिरत आणि त्याचे थांबे टिपून घेत. पहिली यंत्रे साधी होती. दाराच्या एका बाजूला अवरक्त किरण सोडणारे आणि दुसऱ्या बाजूला तो टिपणारे यंत्र अशी जोडी बसवायची, किरण तुटला की आकडा एकाने वाढायचा. आत जाणारा आणि बाहेर पडणारा यांतला फरक या जोडीला कळत नाही, म्हणून दिवसअखेर आकडा निम्मा करतात. दोघे खांद्याला खांदा लावून आले तर एकच धरला जातो.

आता मोठ्या दुकानांत दोन भिंगांचे, खोली मोजणारे कॅमेरे असतात. ते दाराच्या बरोबर वर, साधारण अडीच ते चार मीटर उंचीवर, सरळ खाली पाहतील असे लावतात. चित्रावर एक रेषा आखलेली असते. डोके ती ओलांडून आत गेले तर आवक, उलट गेले तर जावक. उंचीची मर्यादा घालून ट्रॉल्या आणि लहान मुले वगळता येतात. चेहरा या कोनातून दिसत नाही आणि चित्र साठवण्याची गरजही नसते, त्यामुळे ओळख न पटवता काम भागवणारे हे चांगले साधन आहे.

चुका बहुधा यंत्राबाहेर होतात. समजा, दिवसाची आवक ८०० आणि बिले २००. म्हणजे येणाऱ्यांपैकी २५ टक्के लोकांनी खरेदी केली. पण १२ कर्मचारी चहा, जेवण, गोदाम अशा कारणांनी त्याच दारातून प्रत्येकी ६ वेळा आत आले असतील, तर ७२ नोंदी खोट्या आहेत. खरी आवक ७२८ आणि खरे प्रमाण सुमारे साडेसत्तावीस टक्के. लहान दुकानात ही तफावत आणखी मोठी होते. चौघांचे कुटुंब एकच बिल करते, हेही या प्रमाणात दिसत नाही. कर्मचाऱ्यांसाठी वेगळे दार ठेवणे आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हाताने मोजून यंत्राशी ताळा जमवणे, हा यावरचा स्वस्त उपाय.

वाय-फाय

वाय-फाय चालू असलेला फोन आसपासची नेटवर्क शोधण्यासाठी अधूनमधून हाक देतो. त्या हाकेत फोनचा ४८ बिटांचा पत्ता, म्हणजे त्या फोनच्या वाय-फायचा स्वतंत्र क्रमांक, असतो. दुकानातील तीन-चार रिसीव्हरांनी ती ऐकली की संदेशाच्या कमीजास्त जोरावरून फोन कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. अंदाज काही मीटरने चुकतो, कारण माणसांच्या शरीरात या लहरी शोषल्या जातात. गर्दी वाढली की चूक वाढते. शेजारच्या रॅकांतला फरक यातून कळत नाही, पण तळमजला की पहिला मजला, पाच मिनिटे की पन्नास, पहिली खेप की चौथी, हे कळते.

अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने युक्लिड कंपनीची अशी यंत्रणा वापरून पाहिली. दुकानांत सूचना लावल्यावर ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि मे २०१३ मध्ये प्रयोग थांबला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचरापेट्यांत बसवलेली अशीच यंत्रे तिथल्या महापालिकेने बंद करायला लावली. नोमी टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१३ च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ९० लाख फोनांची माहिती गोळा केली होती. दुकानातच नकार देण्याची सोय असल्याचे तिने जाहीर केले होते, प्रत्यक्षात ती सोय कुठेच नव्हती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये तिच्यावर कारवाई केली, ती या खोट्या आश्वासनाबद्दल. लोकांचा माग काढणे हा मुद्दाच त्या प्रकरणात गुन्हा ठरला नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

या तंत्राला खरा लगाम फोन बनवणाऱ्यांनी घातला. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून हाका देताना बनावट, बदलता पत्ता वापरायला सुरुवात केली. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून नेटवर्कला जोडतानाही तसाच पत्ता वापरला जातो. असा पत्ता ओळखता येतो : सोळा आधाराच्या लेखनात (यात ० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक असतात) त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. जुन्या पद्धतीने मोजणाऱ्या दुकानात एकच फोन दिवसभरात अनेक फोन म्हणून नोंदला जातो. 'नवे ग्राहक' एकाएकी वाढलेले दिसले तर आधी हे तपासावे.

मोफत वाय-फाय मात्र या लगामाला बगल देते. आपल्याकडे मॉलच्या वाय-फायला जोडताना ओटीपीसाठी मोबाइल नंबर द्यावा लागतो. बनावट पत्ता दर नेटवर्कला वेगळा असला, तरी त्याच नेटवर्कपुरता तो सहसा तोच राहतो. एकदा नंबर दिला की तो पत्ता नावावर चढतो आणि पुढच्या खेपेला ओटीपीशिवायही ओळख पटते. 'आम्ही पत्ते सांकेतिक करून साठवतो', म्हणजे पत्त्याऐवजी त्यापासून गणिताने काढलेला संकेत ठेवतो, हे उत्तरही पुरेसे नाही. शक्य पत्त्यांची संख्या मर्यादित असल्याने सगळ्यांचे संकेत काढून जुळवता येतात. मोबाइल नंबराच्या बाबतीत तर हे फारच सोपे आहे. भारतातले दहा अंकी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता, आणि त्या सगळ्या तपासायला साध्या संगणकाला फार वेळ लागत नाही.

ब्लूटूथ आणि चिपा

ब्लूटूथ बीकनबद्दल गैरसमज फार आहेत. बटनाएवढ्या सेलवर चालणारा हा डबा काहीही ऐकत नाही. तो सेकंदाला काही वेळा आपला क्रमांक फक्त सांगत राहतो. ऐकते ते ग्राहकाच्या फोनमधले दुकानाचे ॲप, आणि 'हा फोन आता चपलांच्या विभागात आहे' हे तेच दुकानाला कळवते. ॲप नसेल किंवा त्याला स्थान आणि ब्लूटूथची परवानगी नसेल, तर बीकनपुढून कितीही वेळा गेले तरी काही नोंद होत नाही. ॲपलने हे तंत्र २०१३ मध्ये आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील आपल्या दुकानांत सुरू केले.

कपड्यांच्या लेबलातील आरएफआयडी चिप, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप, मालाचा साठा मोजण्यासाठी असते. दारात वाजणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या टॅगला माल कोणता हेही ठाऊक नसते. आरएफआयडी चिपेत मात्र त्या एका नगाचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती निकामी केली नाही तर विक्रीनंतरही काही मीटरवरून वाचता येते. तरीही तिच्यातून ओळख पटते ती फक्त वस्तूची, माणसाची नव्हे. जर्मनीत ऱ्हाइनबर्ग येथील मेट्रो समूहाच्या नमुना दुकानात २००४ मध्ये अशा चिपा ग्राहकांच्या सवलत कार्डात आढळल्या, तेव्हा त्या माणसाशी जोडल्या गेल्या. निषेध झाला आणि कार्डे बदलावी लागली.

चेहरा ओळखणे

हे सर्वांत धोक्याचे साधन आहे, कारण चेहरा घरी ठेवून बाजारात जाता येत नाही आणि बदलताही येत नाही.

काम चार टप्प्यांत होते. कॅमेऱ्याच्या चित्रातून चेहरा शोधणे, तो सरळ करून कापणे, त्याचे काहीशे अंकांच्या मालिकेत रूपांतर करणे आणि ती मालिका यादीतील मालिकांशी ताडणे. या मालिकेला साचा म्हणतात. दोन साच्यांतील साम्य ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निघाले की रक्षकाच्या फोनवर इशारा येतो. नेहमीचा छतावरचा सीसीटीव्ही यासाठी कुचकामी असतो, कारण त्याला केस आणि कपाळच दिसते. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीजवळ हवा आणि दोन डोळ्यांमध्ये दहांच्या पटीत मोजण्याइतके पिक्सेल तरी यायला हवेत. दारामागून ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून कॅमेरा दाराऐवजी आतल्या वळणावर लावतात.

चूक कुठे होते ते हिशेबाने पाहू. समजा, दोन भिन्न व्यक्तींची जोडी चुकून जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. ऐकायला हे उत्तम. पण यादीत १,००० चेहरे असतील तर प्रत्येक ग्राहकाची तुलना १,००० वेळा होते, म्हणजे हजार ग्राहकांमागे एक निर्दोष माणूस पकडला जातो. दिवसाला २,००० ग्राहक येत असतील तर रोज दोन खोटे इशारे. यादीतला खरा चोर आठवड्यातून एकदा येत असेल, तर खऱ्या एका इशाऱ्यामागे खोटे चौदा. यादी जितकी लांब, तितके खोटे इशारे जास्त. 'कुणी संशयास्पद वाटले की फोटो टाकून द्या' ही सवय म्हणूनच सगळ्यात घातक. शिवाय सगळ्यांच्या वाट्याला चुका सारख्या येत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांबाबत खोट्या जुळण्या गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आढळल्या.

राइट एड या अमेरिकी औषध दुकानांच्या साखळीत हे सगळे घडले. २०१२ ते २०२० या काळात तिने शेकडो दुकानांत ही यंत्रणा चालवली. यादीतले फोटो सीसीटीव्हीचे, कर्मचाऱ्यांच्या फोनवरचे, धूसर असे होते. एकाच फोटोवरून पाच दिवसांत १३० हून अधिक दुकानांत ९०० हून जास्त इशारे आले. एका माणसाने इतक्या शहरांत असणे अशक्य होते, तरीही प्रणाली चालू राहिली. खोट्या जुळणीवरून एका ११ वर्षांच्या मुलीला अडवून तिची झडती घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पाच वर्षे हे तंत्र वापरण्यास मनाई केली.

मोजणीच्या नावाखाली ओळखीचे यंत्र कसे येते, हे कॅनडात दिसले. कॅडिलॅक फेअरव्ह्यू कंपनीच्या १२ मॉलांतील माहितीफलकांत कॅमेरे दडवलेले होते. ग्राहकांचे वय आणि लिंग यांचा अंदाज घेणे एवढाच हेतू सांगितला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या खासगीपणा आयुक्तांनी सांगितले की ५० लाखांहून अधिक चेहऱ्यांची चित्रे घेतली गेली आणि त्यांचे साचे एका बाहेरच्या कंपनीकडे साठून राहिले होते. स्पेनमध्ये मर्काडोना या सुपरमार्केट साखळीला न्यायालयाने दुकानात यायला बंदी केलेली मोजकी माणसे शोधायची होती. ती शोधायला मुलांसकट प्रत्येक ग्राहकाचा चेहरा तपासला गेला आणि २०२१ मध्ये २५ लाख युरोंचा दंड भरावा लागला.

त्यातल्या त्यात काळजीपूर्वक रचलेला प्रयोग न्यूझीलंडमध्ये फूडस्टफ्स नॉर्थ आयलंडने २०२४ मध्ये २५ सुपरमार्केटांत केला. न जुळलेला चेहरा लगेच पुसायचा, यादीत फक्त गंभीर प्रकार केलेल्यांना घ्यायचे आणि प्रशिक्षित दोन माणसांनी पडताळल्याशिवाय कुणाला अडवायचे नाही, असे नियम होते. तरीही एका निर्दोष महिलेला थांबवले गेले, आणि मग साम्याची मर्यादा ९० वरून ९२.५ टक्क्यांवर नेली. एकूण १,७४२ इशाऱ्यांपैकी १,२०८ पक्के ठरले. दर दहांमागे तीन फुकट गेले, तेही एवढी काळजी घेऊन. दुकानांत अशी काळजी सहसा घेतली जात नाही.

बिलाचा नंबर

महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्राहकांचा मागोवा कॅमेऱ्याने काढला जात नाही. तो बिलिंग काउंटरवर 'मोबाइल नंबर सांगा' या तीन शब्दांतून निघतो. नंबर दिला की बिलातली प्रत्येक ओळ, म्हणजे वस्तू, माप, किंमत, तारीख, वेळ आणि शाखा, त्या नंबराखाली जमा होते. वर्षभराच्या बिलांवरून घरात लहान मूल आहे का, कुणाला मधुमेह आहे का, पगार कधी होतो, याचा अंदाज चांगला बांधता येतो. ब्रिटनमध्ये टेस्कोने १९९५ मध्ये क्लबकार्ड आणून हेच केले, पण तिथे ग्राहक कार्ड मुद्दाम काढत असे. फोन नंबर बँक, समाजमाध्यमे, घरपोच सेवा अशा सगळीकडे तोच असल्याने तो कार्डापेक्षा कितीतरी ताकदवान आहे. दुकान नंबरांची यादी सांकेतिक करून जाहिरातीच्या मंचाला देते, मंच आपल्या खातेदारांशी ती जुळवतो, आणि जाहिरात पाहिलेल्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष खरेदी केली ते कळते.

नंबर देणे सक्तीचे नाही. नंबरासाठी ग्राहकाचे बिल अडवू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळवले होते. काउंटरवरचे सॉफ्टवेअर ती चौकट रिकामी असताना पुढे जात नसेल, तर तो दुकानाने केलेला बंदोबस्त आहे. अशा वेळी कॅशिअर अनेकदा दुकानाचाच एखादा नंबर टाकून बिल करून देतो.

भारतीय कायदा

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत सूचना वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आणि कोकणीतही. दुकानांसाठी नेमके उदाहरण कायद्यातच आहे : औषध दुकानात ग्राहकाने पावती मोबाइलवर मागून नंबर दिला, तर पावती पाठवण्यासाठी तो वापरता येतो. जाहिरातीसाठी वेगळी संमती लागते. १८ वर्षांखालील मुलांचा मागोवा घेणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती देणे यांना मनाई आहे, दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपणाऱ्या दुकानाला ही अट पाळणे जवळजवळ अशक्य आहे. डेटा सुरक्षित न ठेवल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी आहे.

ग्राहकाच्या हातातले उपाय

पावती कागदावर मागावी आणि नंबर विचारला तर 'नको' म्हणावे. मॉलच्या वाय-फायऐवजी स्वतःचा डेटा वापरावा. दुकानाच्या ॲपला स्थानाची परवानगी 'वापरताना'पुरतीच द्यावी, ब्लूटूथची देऊ नये. अँड्रॉइडवर वाय-फाय बंद केले तरी शोध चालू राहू शकतो. तो थांबवण्यासाठी सेटिंग्जमधील 'लोकेशन' भागात जाऊन वाय-फाय आणि ब्लूटूथचे 'स्कॅनिंग' वेगळे बंद करावे लागते.