वक्तृत्व-मंडळे

वक्तृत्वाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या, किंवा शिक्षकाशिवाय परस्परांच्या साहाय्याने ही कला शिकू पाहणाऱ्या प्रौढांच्या स्वयंसेवी संघटना. वर्ग संपला की श्रोते उरत नाहीत आणि सराव तुटतो. ही उणीव मंडळ भरून काढते.

अमेरिकन वक्तृत्वशिक्षक डेल कार्नेगी यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या १२५ व्या रस्त्यावरील वाय.एम.सी.ए. (ख्रिस्ती युवक संघटना) येथे वक्तृत्वाचे वर्ग सुरू केले. पुढे या अभ्यासक्रमाच्या माजी विद्यार्थ्यांनीही ठिकठिकाणी मंडळे काढली. सर्वाधिक विस्तार मात्र ‘टोस्टमास्टर्स’ या नावाच्या वक्तृत्व-मंडळांच्या चळवळीचा झाला.

या चळवळीचा आरंभ कधीचा, याविषयी दोन मते संभवतात. राल्फ स्मेडली (१८७८–१९६५) हे इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टनच्या वाय.एम.सी.ए.त काम करीत असताना, साधारणतः १९०५ च्या सुमारास, त्यांनी तरुणांना भाषण आणि सभासंचालन शिकवण्यासाठी पहिले मंडळ काढले. पुढे बदलीच्या गावीही त्यांनी अशी मंडळे स्थापिली. परंतु ते गाव सोडून गेले की ती बहुधा विस्कळीत होत. कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी भरलेल्या सभेपासून निघालेले मंडळ टिकले, आसपासच्या गावांनी त्याचे अनुकरण केले, १९३० च्या सुमारास महासंघ आकारास आला आणि १९३२ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. केवळ कल्पनेचा उगम शोधायचा तर १९०५ हे वर्ष ग्राह्य ठरते. संस्थेचा अखंड इतिहास मात्र १९२४ पासूनच मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. संस्था स्वतःही तेच वर्ष मानते.

ही मंडळे संस्थापकाच्या पश्चातही टिकली, याचे श्रेय त्यांच्या कार्यपद्धतीला द्यावे लागते. सभाध्यक्ष, वेळ मोजणारा, भाषणाचा मूल्यमापक ही कामे सभासद आळीपाळीने करतात. वक्त्याला काय साधले आणि काय सुधारता येईल, हे मूल्यमापक त्याच सभेत सर्वांदेखत सांगतो. ऐनवेळी दिलेल्या विषयावर बोलण्याचाही सराव होतो. मूल्यमापन करता करता सभासद लक्षपूर्वक ऐकायलाही शिकतो. या पद्धतीचे हे मोठे मोल आहे.

टोस्टमास्टर्समध्ये स्त्रियांना १९७३ पर्यंत अधिकृत प्रवेश नव्हता. हेलन ब्लँचर्ड यांनी १९७० मध्ये ‘होमर’ या पुरुषी नावाने सभासदत्व घेतले आणि १९८५ मध्ये त्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तत्पूर्वीच, १९३८ मध्ये, अर्नेस्टीन व्हाइट यांच्या पुढाकाराने स्त्रियांची स्वतंत्र टोस्टमिस्ट्रेस संघटना उभी राहिली होती. ब्रिटनमधील काही मंडळांनी टोस्टमास्टर्सपासून वेगळे होऊन आपला निराळा संघ स्थापिला.